पट्टीखालचा आकडा

मंगळवार, ७ ऑक्टोबर

माझ्या हातांनी झालेल्या वस्तू: हे वर्कशॉप, वरचे पत्रे सोडून. त्यातलं कामाचं टेबल; त्याची फळी मी सव्वीस वर्षांत तीनदा रंधून सपाट केली आहे. घरातलं जेवणाचं टेबल, चार खुर्च्या, दाराशी चपलांचं कपाट. आईच्या न्हाणीघरातला धरायचा दांडा. मुलीला लग्नात दिलेली पेटी, जिचं झाकण बंद करताना आतली हवा हळू श्वास सोडल्यासारखी बाहेर येते. भात काढून ठेवायचे लाकडी डबे, तांब्याच्या कड्यांचे, किती ते आता मोजत नाही. आणि सगळ्यात आधी, स्टुलं.

यातलं काहीही मला कोणी शिकवलेलं नाही. आमच्या ओदावारा गावात लाकडाचं काम करणारे बहुतेक जण कुणाच्या तरी हाताखाली वर्षानुवर्षं भुसा झाडून वर आलेत. मी ग्रंथालयातली पुस्तकं वाचून आणि लाकूड वाया घालवून शिकलो. हे अभिमानानं लिहितोय. वही माझी आहे.

वही घ्यायचं कारण असं की काल टोकियोहून फोन आला. टीव्हीवर जुन्या चेहऱ्यांना बोलावतात तो कार्यक्रम. पाहुण्याच्या हातात पांढरी पाटी देतात, पाटीवर त्याची भरात असतानाची सर्वांत जास्त महिन्याची कमाई लिहिलेली असते, आकड्यावर रंगीत पट्टी चिकटवलेली असते. ती त्यानं स्वतः सोलायची. मग सगळा स्टुडिओ ‘एऽऽऽ!’ करून ओरडतो. खाली दुसरी पट्टी, आजच्या कमाईची. त्यावर ओरडत नाहीत, ‘आं…’ करतात.

सहाव्या वर्षापासून तेराव्यापर्यंत मी दर गुरुवारी टीव्हीवर होतो. रेल्वे स्टेशनवर जेवणाचे डबे विकणाऱ्या कुटुंबाची मालिका होती. मी शेंडेफळ. प्रत्येक भागात कधी ना कधी धावत येऊन मी ओरडायचो, “बाबा, भात करपला!” आज माझं वय एक्कावन्न आहे, आणि अजून रस्त्यात लोक मला भात करपल्याचं सांगतात.

मानधन साठ हजार येन, प्रवास वेगळा. कुनिएदा नावाच्या दिग्दर्शिकेनं सांगितलंय, काय काय आठवतं ते लिहून ठेवा.

बायको, योरिको, म्हणाली, “साठ हजारांत न्हाणीचा नवा बॉयलर येत नाही. पण अर्धा येतो.”

“अर्ध्या बॉयलरनं काय करणार?”

“अर्धी आंघोळ,” ती म्हणाली. सव्वीस वर्षांच्या संसारात बायकोची जीभही रंधून निघते.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

कुनिएदा-सान येऊन गेल्या. पंचेचाळिशीच्या असाव्यात, सपाट बूट, बोलताना समोरच्याच्या हातांकडे बघतात. ते मला आवडलं.

स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, “हलत नाही हो.”

“हलायला मी ते हलतं बनवलेलं नाही.”

मग मुद्द्यावर आल्या. सर्वांत जास्त महिन्याची कमाई किती? मी म्हटलं, माहीत नाही. त्यांना वाटलं मी भाव खातोय. खरंच माहीत नाही. वडील बस चालवायचे. माझी मालिका चालल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि माझे व्यवस्थापक झाले. पैसे त्यांच्याकडे यायचे. पुढे त्यांनी माझ्या त्या वाक्याच्या नावानं खानावळ काढली. ‘भात करपला’ अशी पाटी बघून आत कोण जेवायला येणार, हे कोणीच त्यांना विचारलं नाही. मी चौदा वर्षांचा असताना खानावळ बुडाली, वडील नागोयाला गेले, तिकडेच राहिले, तिकडेच नऊ वर्षांपूर्वी वारले.

“नेटवर तुमची संपत्ती वीस कोटी येन दिलीय,” कुनिएदा-सान म्हणाल्या.

“मग त्यांना विचारा, कुठे ठेवलीय.”

त्या हसल्या. मग मी त्यांना जे सांगितलं ते इथे नीट लिहितो, कारण कॅमेऱ्यापुढे मला तेच सांगायचंय: या वर्कशॉपमध्ये टीव्हीचा एक येनही नाही. पंचविसाव्या वर्षी मी गोदामातली नोकरी सोडली आणि ही मोकळी जागा भाड्यानं घेतली. भाडं महिन्याला अठरा हजार. पहिल्याच महिन्यात इझूच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ‘हामागिकु’ नावाच्या एका मुक्कामाच्या हॉटेलातून सहा स्टुलांची मागणी आली. तिथल्या मालकीणबाईंनी म्हणे माझं काम कुणाकडे तरी पाहिलं होतं. एका स्टुलाचे अठरा हजार. म्हणजे एक स्टूल म्हणजे एक महिन्याचं भाडं, असा योग जुळून आला. पुढं आठ वर्षं वर्षातून दोनदा सहा-सहा स्टुलं त्यांनी घेतली. पैसे आगाऊ, पोस्टानं. एकदाही तक्रार नाही. माझी पहिल्या दोन वर्षांतली स्टुलं, आज बघितली तर बैठकीत शिरणारी पायाची टोकं मी आखूड ठेवली होती, पण तरीही तक्रार नाही. काम चांगलं असलं की गिऱ्हाईक आपोआप टिकतं.

कुनिएदा-सान लिहीत होत्या. “‘टीव्हीचा एक येनही नाही.’ हे वाक्य ठेवायचं. आणि त्या हॉटेलात शूटिंग करायचं. तुमच्या स्टुलांवर लोक बसलेत, समोर समुद्र. तुम्ही कधी गेला होता तिथं?”

नाही गेलो. दर वेळी मालकीणबाई म्हणायच्या, आता हंगाम आहे, खोल्या भरल्यात, मग या. आणि कारागिरानं गिऱ्हाइकाच्या दारात घोटाळू नये असं माझं मत आहे.

रविवार, १२ ऑक्टोबर

आईकडे गेलो. त्र्याऐंशी वर्षांची आहे, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर एकटी राहते, एकटंच राहायचंय म्हणते. भातात घालायला चेस्टनट सोलत बसली होती. तिच्या बोटांचे सांधे सुजून तिरके झालेत. कामाबोकोच्या, म्हणजे माशाच्या वड्यांच्या, कारखान्यात बर्फासारखा थंड माशाचा लगदा तिनं सुरीनं फळीवर थापला, वर्षानुवर्षं. तरी सोलताना साल एका तुकड्यात उतरवते.

“माझी सर्वांत जास्त कमाई किती होती गं आई?”

“ते तुझ्या बाबांना ठाऊक.”

“ते आता सांगायचे नाहीत.”

“जिवंत असते तरी नसतं सांगितलं,” ती म्हणाली. “आणि सांगितलं असतं तर जास्त सांगितलं असतं.”

कार्यक्रमाबद्दल ऐकून ती खूश झाली. कोणता शर्ट घालणार, केस काप, असं चाललं होतं. मग मी हॉटेलात शूटिंग होणार ते सांगितलं. तिचा चाकू घसरला. अंगठ्याला लागलं. तिला कधी असं लागलेलं मी पाहिलं नव्हतं.

“तिथं कशाला?” अंगठा तोंडात धरूनच तिनं विचारलं.

“माझी स्टुलं आहेत तिथे.”

“जुनी झाली असतील. टाकून दिली असतील.”

“माझं स्टूल कोणी टाकत नाही.”

तिनं अंगठ्याला चिंधी गुंडाळली. मग म्हणाली, “तू जरा कमी बोलत जा रे, तोमो.” मला त्याचा अर्थ कळला नाही. टीव्हीवर कमी बोलायचं असं तिला म्हणायचं असेल.

सोमवार, १३ ऑक्टोबर

आईचा फोन. छातीत कसंसं होतंय, शूटिंग वगैरे पुढं ढकल. धावत गेलो. ती अंगणात मुळा उपटत होती. “आता बरं वाटतंय,” म्हणाली.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

लाकूड आणायला इवाबुचीच्या वखारीत गेलो. त्याच्या जावयानं नेट बघून दुकानभर सांगितलंय.

इवाबुची म्हणाला, “या या, वीस कोटी! तुम्हाला रोखीचा भाव लावू की कोट्यधीशांचा?”

“मला ओलं लाकूड लावू नका, तेवढं पुरे.”

“काय हो, एवढा पैसा असून हात का घाण करता? आमच्याकडे तर गुरूचे जोडे खाऊन लोक कारागीर झाले. तुमचा गुरू कोण, तो करपलेला भात?”

सगळे हसले. मीही हसलो आणि त्यानं वर ठेवलेल्या चार फळ्या उलटून दाखवल्या. दोन्ही टोकांना चीर गेली होती. त्याच भावात त्यानं आतल्या चार काढून दिल्या. पण घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यात राहिलं. टीव्हीवर सांगायचंच. एक येनही नाही.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

कुनिएदा-सानचा फोन. पाटीसाठी आकडा हवाय. तीस लाख लिहू का?

“कोणी मोजले?”

“अंदाज आहे, हिरुमा-सान. त्या वेळच्या बालकलाकारांचा, दोन जाहिराती धरून.”

“मी अंदाजानं फळी कापत नाही.”

“ही फळी नाही. पाटी आहे.”

“पाटीही फळीच असते.”

त्या म्हणाल्या, माझ्या जुन्या एजन्सीतला एक हिशेबनीस अजून आहे, निवृत्त, योकोहामाला. त्याला शोधून विचारते. म्हटलं, विचारा. मिलिमीटरपर्यंत विचारा.

रविवार, २ नोव्हेंबर

पुन्हा फोन. त्या काल जागा बघायला ‘हामागिकु’मध्ये जाऊन आल्या.

“हिरुमा-सान, तिथं सगळ्या खोल्या तातामीच्या आहेत.”

“मग?”

“जेवणाचं दालनसुद्धा. सगळे जमिनीवर बसतात. गुडघाभर उंचीची टेबलं. तुमचं एकही स्टूल दिसलं नाही. मालकीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या, दुरुस्तीला पाठवलीत.”

दुरुस्तीला! कुणाकडे? माझ्या सांध्यात दुसऱ्या कुणाचा हात? मला इतका राग आला की मी फोन ठेवायच्या आधी निरोप घ्यायलाही विसरलो. खिळे मारतील. नक्की खिळे मारले असणार.

योरिको म्हणाली, “अहो, पण तातामीच्या हॉटेलात स्टुलं कशाला लागतील?”

“व्हरांड्यात.”

“शहाण्णव?”

बायकांना लाकडाच्या धंद्यातलं सगळं कळतं असं नाही, असं मी म्हणालो. ती भांडी घासायला गेली.

बुधवार, ५ नोव्हेंबर

आज मी स्वतः गेलो. कोणाला न कळवता, हत्यारांची लहान पिशवी घेऊन. मिशिमाला गाडी बदलली, पुढे डोंगरावरून बस. बसमध्ये मनातल्या मनात वाक्यं तयार केली. दुरुस्ती कोणी केली, त्याचं नाव सांगा, वगैरे.

‘हामागिकु’ म्हणजे बारा खोल्यांचं जुनं लाकडी घर. दाराशी चपला काढाव्या लागतात. चपला काढून वर पाऊल ठेवलं आणि पुढं नजर पोचेल तिथंवर तातामीच्या गवती चटया. पायऱ्यांखाली एक दालन, तिथंही तातामी. व्हरांडा चिंचोळा, दोन माणसं शेजारी उभी राहू शकणार नाहीत असा.

मालकीणबाई तामायो-सान. सव्वीस वर्षं फोनवर ऐकलेला आवाज. त्या बाहेर आल्या, मला पाहिलं, आणि मी काही बोलायच्या आधी पोरीसारखा हात तोंडावर नेला.

“अगंबाई. सुए-चानचे डोळे.”

सुएको माझ्या आईचं नाव. सुए-चान तिला कोणी म्हणताना मी ऐकलं नव्हतं.

“तुम्ही आईला ओळखता?”

त्यांनी घाईघाईनं चहा मागवला. थंडी पडली नाही का यंदा, बस किती हलते नाही का, असं बोलल्या. मी म्हटलं, “माझी स्टुलं दाखवा.”

“दुरुस्तीला…”

“कोणाकडे?”

“चहा तरी घ्या.”

“तामायो-सान, खिळे मारलेत का?”

हे ऐकून त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे ओले झाले. उठल्या. मागच्या अंगणातून मला खाली नेलं. पूर्वी होडी ठेवायचे त्या खोलीकडे. दार सरकवलं.

होती. सगळी. एकावर एक, उलटी-सुलटी जोडी करून, वर्तमानपत्रांत गुंडाळलेली, सुतळीनं बांधलेली. मी ज्या गाठी मारून पाठवली होती त्याच गाठी. काहींवरचा माझा पत्त्याचा कागदही सोडवलेला नव्हता.

मी एकेक सोडवून पाहिली. बराच वेळ पाहिली. सांधे घट्ट होते. पहिल्या वर्षाचेसुद्धा, आखूड टोकांचे. घट्ट राहणारच. त्यांच्यावर कधी कोणी बसलंच नव्हतं.

“एक वापरलंय हो मी,” तामायो-सान मागून म्हणाल्या, जणू माझं सांत्वन करतायत. स्वयंपाकघरात नेलं. फडताळावरचं काढायला त्या चढतात ते. सगळ्यात पहिल्या खेपेतलं. हात लावला, डुगडुगत होतं. मी पिशवीतून पटाशी काढली, सोबत आणलेल्या लाकडाच्या तुकड्याची पाचर घडवली, सरस लावून ठोकली. उद्यापर्यंत चढू नका म्हणून सांगितलं.

“तुम्ही आणि आई…”

“एका बाकावर शिकलो. पुढं मी इकडे दिली गेले.” त्या माझ्यापुढं तातामीवर गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी डोकं टेकवलं. “मी तिला शब्द दिलाय, हिरुमा-सान. म्हणून पुढचं मला विचारू नका.”

मी विचारलं नाही. येताना एक स्टूल मागितलं. पैसे देऊ लागलो तर त्या म्हणाल्या, “हे काय, त्याचे पैसे एकदा दिलेत.” कोणी दिले ते म्हणाल्या नाहीत.

बसमध्ये जागा नव्हती. हातात स्टूल असून मी तासभर उभा होतो. एक आजोबा म्हणाले, “अहो, बसा की त्याच्यावर.” मला बसवलं नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

सरळ आहे. टीव्हीचे पैसे. बाबांच्या हातून काही वाचवून आईनं बाजूला ठेवले असणार, आणि मी थेट घेणार नाही म्हणून असे वळसा घालून दिले. म्हणजे या वर्कशॉपच्या पहिल्या आठ वर्षांचं भाडं त्या करपलेल्या भातानं भरलं. दर वर्षाअखेरीला मी ‘हामागिकु’ला आभाराचा कामाबोको पाठवत होतो, उत्तम प्रतीचा, आणि आई म्हणायची, पत्ता मीच लिहिते, तुझं अक्षर वाईट आहे. माझं अक्षर वाईट नाही.

आज रंधा लागत नव्हता. पातं तीनदा पाजळलं. दोष पात्यात नव्हता.

कुनिएदा-सानना फोन केला. म्हटलं, ते वाक्य मी म्हणणार नाही, ते खोटं आहे. का, म्हणाल्या. मी काय झालं ते सांगून टाकलं. सांगायला नको होतं.

“चार-पाच दिवसांत येते,” त्या म्हणाल्या.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

कुनिएदा-सान आल्या, योकानचा डबा घेऊन. डबा जड होता. एवढा जड गोड पदार्थ आणला म्हणजे काहीतरी मागायचंय, हे कळतं.

आधी हिशेबनिसाचं. सापडला. सर्वांत जास्त महिना: मार्च १९८४, अडतीस लाख येन. त्याला पक्कं आठवतंय, कारण त्या महिन्यात त्याचा स्वतःचा पगार किती होता तेही त्याला आठवतंय.

“आणि दुसरं असं,” कुनिएदा-सान म्हणाल्या, “काही उरलं नव्हतं. तुमच्या वडिलांनी सगळं काढलं होतं, यायचे होते तेसुद्धा उचल म्हणून. १९८८ मध्ये तुमच्या आई त्याच्या ऑफिसात आल्या होत्या. मुलाच्या नावावर काही आहे का विचारायला. दिवसभर खुर्चीवर बसून होत्या. नव्हतं. परत जायच्या तिकिटाचे पैसे त्यानं आपल्या खिशातून दिले.”

“तसं कसं,” मी म्हटलं. “मग स्टुलांचे पैसे कुठले?”

“ते तुम्हीच मला सांगाल असं वाटलं होतं. आई काय करायच्या तेव्हा?”

“काय करणार, कामाबोकोच्या कारखान्यात होती. साठाव्या वर्षी सुटायची, पण तिला म्हणे घरी करमत नव्हतं, मग पहाटेची पाळी घेऊन आणखी चार वर्षं. २००६ साली सोडलं. ‘हामागिकु’चं पत्र आलं, आता स्टुलं पुरेत म्हणून, त्याच…”

कुनिएदा-सान माझ्या हातांकडे बघत होत्या. मी रंधा उचलला आणि जी फळी आधीच सपाट होती ती रंधली.

मग त्यांनी मागायचं होतं ते मागितलं. नवा प्रस्ताव आणि आकडा त्यांनी कागदावर लिहिला आणि कागद टेबलावर उलटा ठेवला. त्यांची तशी सवयच असावी. “आजच उत्तर नको,” म्हणाल्या. “पण खरं सांगू, असा भाग दहा वर्षांत एखादा मिळतो. लोक रडतील. तुमच्या आईला लोक डोक्यावर घेतील. त्यात वाईट काय आहे?”

त्या गेल्यावर कागद उलटून पाहिला. परत उलटा ठेवला.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आईनं तुरट पर्सिमन आणून ठेवले होते. दरवर्षी सोलून, दोरीला बांधून छपराखाली वाळत टाकते. यंदा हात वर नेताना खांदा दुखतो म्हणाली. मी ते स्टूल घेऊन गेलो.

व्हरांड्याच्या लाकडी जमिनीवर ठेवलं. तिनं ते पाहिलं. सोललेलं फळ हातात तसंच राहिलं.

“जुनं दिसतंय,” ती म्हणाली.

“दुसऱ्या वर्षाचं. पायाची टोकं आखूड आहेत.”

“मजबूत आहे?”

“कोणी बसलंच नाही त्याच्यावर.”

रस्त्यावरून केरोसीनवाल्याची गाडी गाणं लावत गेली. आईनं ती जाईपर्यंत वाट पाहिली.

“तामा-चान म्हातारी झाली असेल,” ती म्हणाली.

“तुला सुए-चान म्हणते अजून.”

“ती मला शाळेतही खोटं बोलायला शिकवायची. तिला कधी जमलं नाही.” मग हात एप्रनला पुसले आणि म्हणाली, “रागावलास?”

“तू मला सांगितलं असतंस तर…”

“तर घेतले असतेस?”

मी दोरीची गाठ सोडवू लागलो.

“एवढासा होतास तेव्हा सगळं घर तुझ्या पैशावर जेवत होतं,” आई म्हणाली. “मीपण. तुझ्या बाबांनाच सगळे बोलतात. भात तर मीही खाल्ला ना. ताटावर बसलं की तू बघायचास, कोणी काही टाकत नाही ना. सहा वर्षांचं पोर.” तिनं फळ खाली ठेवलं. “सरक, बसून बघते.”

बसली. दोन्ही पाय जमिनीला लागले. मी अठ्ठेचाळीस सेंटीमीटरचं करायला घेतलं होतं, आईच्या मानानं उंच व्हायला हवं होतं. पण ते पाय मी त्या वर्षी दोन सेंटीमीटर चुकून आखूड कापले होते. आज ते बरोबर आले.

“हलत नाही,” ती म्हणाली.

मी दोरी बांधली, ती बसल्या बसल्या फळं देत गेली. अंधार पडायच्या आत सगळी टांगून झाली. निघताना म्हणाली, “बाकीची काय करायची रे? तामाची जागा अडलीय.”

“विकेन.”

“काय भावानं?”

“अठरा हजार.”

“जास्त वाटतात,” आई म्हणाली. “मला तेव्हाही जास्तच वाटले होते.”

मंगळवार, १८ नोव्हेंबर

योरिकोला सगळं सांगितलं. कागदावरचा आकडाही. तिनं तो ऐकला, बॉयलरकडे पाहिलं, आणि म्हणाली, “गॅसवर पाणी तापतं. आपली आई आपण आणायची नाही तिथं.”

कुनिएदा-सानना फोन केला. त्यांनी परत समजावलं. रागावल्या नाहीत, ते त्यांचं मोठेपण. शेवटी म्हणाल्या, आई नको, स्टुलं नको, नुसते तुम्ही या. ठरलेले साठ हजार, पाटी, आणि ते एक वाक्य.

ते वाक्य मी पुन्हा तपासलं. या वर्कशॉपमध्ये टीव्हीचा एक येनही नाही. येनापर्यंत बरोबर आहे. पण आता ते माझं राहिलं नाही, आणि जिचं आहे तिनं ते म्हणायला मला सांगितलेलं नाही. तेही नको म्हटलं.

इवाबुचीच्या वखारीत गेलो होतो. “काय, वीस कोटी, कधी लागतोय कार्यक्रम?” म्हणाला. “रद्द,” म्हटलं. “का, भात करपला?” सगळे हसले. मी म्हटलं, “नाही. भात बरोबर शिजला होता. मलाच वास आला नाही.” त्याला काही कळलं नाही. कळायचं कारणही नाही.

न्हाणीघरातल्या दांड्याच्या खाली आईसाठी आणखी एक दांडा बसवायचा आहे, थोडा खाली. माप घेऊन आलो. दांड्याचे पैसे देशील का, असं तिला विचारलं. ती म्हणाली, “आधी दाखव.”

कुनिएदा-सानचा कागद आज शेगडीत टाकण्याआधी इथे उतरवून ठेवतो, म्हणजे नोंद राहील. प्रस्ताव असा होता: आईला स्टुडिओत आणायचं. पडद्यामागे पंच्याण्णव स्टुलं मांडून ठेवायची. ‘हामागिकु’च्या स्टुलांचे पैसे कोणी दिले ते पट्टीखाली लिहायचं आणि ती पट्टी आईनं स्वतःच्या बोटांनी सोलायची. मी ते तिथेच पहिल्यांदा कळल्यासारखं पाहायचं. मानधन दोघांचं मिळून बारा लाख येन, प्रवासखर्च वेगळा. मी नाही म्हटलं.